रिप्ले न बघणारे तात्या

टीव्हीवर रिप्ले सुरू झाला की तात्या तोंड भिंतीकडे करायचे. गोल झाला, आम्ही सातआठ जण ओरडत उभे राहिलो आणि तोच गोल पुन्हा हळूहळू दाखवायला लागले, की तात्या मान वळवून कांबळ्यांच्या घरातलं कॅलेंडर बघत बसायचे. पहिल्या दिवशी कांबळेवहिनींना वाटलं, यांना काहीतरी होतंय. चहाचा कप पुढे करत त्यांनी विचारलं, "तात्या, भिंतीवर काय हाय?"

"काय न्हाय, वहिनी. रेफ्रीनं एकदाच बघितलं. मग मी दोनदा का बघू?"

ही अठ्ठ्याण्णवच्या जूनमधली गोष्ट. फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू होता. बारामती एमआयडीसीतली आमची पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची आणि एक मॅच संध्याकाळी सहाला असायची. कांबळे आमच्या कंपनीत स्टोअरचे सुपरवायझर. मूळचे इंदापूरचे, घराण्यातले पहिले पदवीधर, रोज दोन वर्तमानपत्रं शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. त्यांच्याकडे मोठा रंगीत टीव्ही होता, म्हणून सगळे तिथे जमत. तात्या खुर्ची ओढत ओढत टीव्हीपासून हातभर अंतरावर नेऊन ठेवायचे. मागचे कुरकुरायचे. तात्या म्हणायचे, "मैदानात उतरल्याबिगर मला खेळ कळत न्हाय."

तात्या आमच्या मशीन शॉपचे इन्स्पेक्टर होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक जॉब, म्हणजे तयार सुटा भाग, त्यांच्या टेबलावरून पुढे जायचा. गाव निरवांगी. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, पुढे ती विकून विहीर पाडली. तरुणपणी तात्या आठ वर्षं खडकीला एका कारखान्यात होते. तिथल्या मैदानावर ते फुटबॉल शिकले, रेफ्रीची परीक्षाही पास झाले. आमच्याकडे पोरं एक तर तालमीत जायची नाही तर क्रिकेट खेळायची. ऑफसाइड म्हणजे काय हे समजावून सांगू शकेल असा कंपनीत एकच माणूस होता. कॅंटीनच्या टेबलावर आमटीच्या वाट्या मांडून ते ऑफसाइड समजावत. शेवटी एक वाटी उचलून म्हणत, "हा गडी फुडं पळाला. आता ह्याची आमटी माझी."

कांबळे आणि तात्यांचा वाद रोजचा होता. चेंडू गोलच्या रेषेपार गेला की नाही, हे ठरवायला यंत्र पाहिजे असं कांबळ्यांचं म्हणणं. क्रिकेटमध्ये तेव्हा तिसरा अंपायर आला होता. धावबाद टीव्ही बघून ठरत होता. कांबळे म्हणायचे, "गोलच्या दोन्ही खांबांत कॅमेरे बसवायचे. चेंडू रेषेपलीकडं गेला, की वर लाल दिवा. भांडणच न्हाय."

"दिवा लावा, आगरबत्तीबी लावा," तात्या म्हणायचे.

एकदा कांबळ्यांनी त्यांना चांगलंच पकडलं. तात्यांच्या टेबलावर गेज असायचे. गेजचं एक टोक जॉबच्या भोकात सहज गेलं पाहिजे, दुसरं अडकलं पाहिजे. तरच जॉब पास. कांबळे म्हणाले, "तात्या, दिवसभर गेज घेऊन बसता. केसभर फरक सोडत न्हाय. आन् हितं म्हणता, माणसाच्या डोळ्यावर सोडा?"

तात्या म्हणाले, "लोखंडाला गेज लावा, कांबळे. माणसाला नका लावू. रेफ्री चुकंल, पण चुकला तर तोंड दाखवायला हितंच उभा असतो. तुमचं यंत्र चुकलं तर जाब कुणाला इचारणार?"

दुसरा वाद मॅनेजरांवरून. कुठल्या संघाच्या मॅनेजरने कुणाला बाहेर बसवलं, कुणाला उशिरा उतरवलं, यावर कॅंटीनमध्ये रणं माजायची. एका दुपारी तात्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "असल्या मॅनेजरला पयला हाकलला पायजे! गडी वळखता येत न्हाईत, तो काय मॅनेजर?" कांबळे डोळ्यांनी खुणा करायला लागले. तात्यांच्या मागे आमचे कंपनीचे मॅनेजरसाहेब ताट घेऊन उभे होते. साहेब बंगालचे. त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "कौन मॅनेजर को निकालता है?" कांबळ्यांनी घाईघाईने खुलासा केला. साहेबांनी ताट तिथेच ठेवलं, तात्यांच्या शेजारी बसले आणि पाऊण तास त्या परदेशी मॅनेजरला तात्यांपेक्षा जास्त शिव्या दिल्या. फुटबॉल त्यांच्या रक्तात होता. त्याच बैठकीत ठरलं, की कंपनीत खात्याखात्यांची स्पर्धा घ्यायची. रेफ्री अर्थातच तात्या.

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, डिप्लोमा करून तात्यांच्या हाताखाली लागलेला. त्याच्या आदल्या वर्षी, हिवाळा सुरू व्हायच्या सुमाराला, तात्यांनी मला हाक मारली होती. "सुहास, वाच बघू हे माप. चष्मा घरी राहिला." पुढच्या आठवड्यात चष्मा पुन्हा घरी राहिला. मग तो रोजच घरी राहू लागला. निरवांगीहून मोटरसायकलवर येणारे तात्या एसटीने यायला लागले. गाडीच्या इंजिनाचं काम निघालंय म्हणायचे. ते काम काही संपेना. दुपारच्या उजेडात एकदा मी त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं, तर बाहुलीवर दुधाळ पडदा. डॉक्टरांचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. त्यांच्या वडिलांचा एक डोळा शस्त्रक्रियेनंतर कायमचा गेला होता, हे मला नंतर कळलं.

मी कुणाला काही बोललो नाही. जेवणाच्या सुट्टीत तात्या कॅंटीनला गेले, की त्यांनी पास केलेल्या ट्रेमधला एकेक जॉब मी गेज लावून परत मोजायचो. चुकीचा जॉब सापडला तर गुपचूप बाजूला काढायचो. महिन्यातून तीनचार सापडायचे. आम्ही दोघं एकमेकांशी यावर एक शब्द बोललो नाही.

स्पर्धेसाठी मैदान म्हणजे कंपनीच्या मागचा मोकळा प्लॉट. स्क्रॅपमधल्या पाइपांचे गोलपोस्ट वेल्ड करून रंगवले होते, फक्कीच्या रेषा मारल्या होत्या. फायनलला आमचं मशीन शॉप विरुद्ध कांबळ्यांचं स्टोअर. स्टोअरकडून दत्ता नावाचा एक तात्पुरता कामगार खेळत होता. त्याची मुदत जूनअखेर संपणार होती. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की पुढे पुण्यात कंपन्यांची स्पर्धा आहे, त्यासाठी फायनलमध्ये जो चमकेल त्याला ठेवून घेऊ. दत्ताची बायको पोर कडेवर घेऊन रेषेबाहेर उभी होती.

मशीन शॉपने पहिल्या हाफमध्ये एक गोल केला. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना दत्ताने लांबून फटका मारला. चेंडू वरच्या पाइपवर आदळला, खाली पडला आणि उसळून बाहेर आला. स्टोअरवाले नाचायला लागले. सगळ्यांच्या नजरा तात्यांकडे. ते चेंडूपासून पंधरा पावलांवर होते. शिट्टी तोंडाशी नेली, थांबले, आणि हात आडवा हलवला. "गोल न्हाय. खेळा."

मॅच तशीच संपली. स्टोअरवाले चिडले. कुणीतरी मागून ओरडलं, "आपल्या खात्याला कप दिला!" तात्यांनी शिट्टी खिशात टाकली. दत्ता बूट हातात घेऊन अनवाणीच निघून गेला.

कांबळ्यांचा मेव्हणा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. त्याने ही मॅच हौसेने टिपली होती. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर कांबळ्यांनी तात्यांना घरी बोलावलं, मी सोबत गेलो. कॅसेट लागली. तात्यांनी नेहमीसारखी खुर्ची पुढे ओढली. या वेळी मान वळवली नाही. चेंडू पाइपवर आदळला, रेषेच्या चांगला वीतभर आत पडला आणि बाहेर आला.

"परत लाव."

परत लावलं. तात्या काचेला नाक लागेल इतके पुढे वाकले.

"आजून एकदा."

तिसऱ्यांदा बघून ते मागे टेकले. "गोल हाय," म्हणाले.

गेले दोन आठवडे कांबळे या क्षणाची वाट बघत होते असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी टीव्ही बंद केला आणि हळू आवाजात म्हणाले, "जाऊ द्या, तात्या. सूर्य डोळ्यावर आला आसंल."

"सूर्य माझ्या पाठीमागं हुता, कांबळे."

वहिनींनी केलेला चहा तसाच निवला. तात्या उठले आणि कुणाची वाट न बघता स्टँडवर चालत गेले.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना, दोन्ही शिफ्टचे लोक गेटपाशी असताना, तात्या टाइम ऑफिससमोरच्या बाकावर चढले. बावन्न वर्षांचा माणूस, पायजम्याची घडी मोडू नये म्हणून जपणारा, बाकावर उभा. "परवाचा दत्ताचा गोल हुता," ते मोठ्याने म्हणाले. "मला दिसला न्हाय. खात्याचा इषय न्हाय, दिसलाच न्हाय. चूक माझी हाय. ज्याला बोलायचं त्यानं मला बोलावं." गर्दीत दत्ता होता. तो पुढे आला आणि त्यांना उतरायला हात दिला.

मग ते मला म्हणाले, "चल, सायबाकडं. मला त्यांची हिंदी उलगडत न्हाय."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि हसले. रेफ्रीचा निर्णय अंतिम, असं तुम्हीच सांगता, विषय संपला, म्हणाले.

"निर्णय अंतिमच हाय साहेब," तात्या म्हणाले. "कप मशीन शॉपचाच. पण पोरानं गोल मारला हुता, एवढं तुमी ध्यानात घ्या. त्याला घालवू नका."

"ठीक है. लेकिन आपको दिखा क्यों नहीं? आप तो पास में थे."

तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. काय होणार हे मला कळलं. सूर्य होता, धूळ होती, काहीही सांगता आलं असतं.

"मोतीबिंदू हाय," तात्या म्हणाले. "दोनी डोळ्यांत. बरेच दिस झालं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तो फिर इन्स्पेक्शन कैसे करते हैं?"

मी फरशीकडे बघत उभा राहिलो. ते जॉब मी मोजत होतो, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. तेवढं माझ्याने बोलवलं नाही. तात्यांनीही माझं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, "ते काम आता दुसऱ्याला द्या." कुणाला, असं साहेबांनी विचारल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्याला. ह्याचं माप चुकत न्हाय."

गोदामातला सगळा माल दोन दिवस पुन्हा तपासला गेला. एकही जॉब चुकीचा निघाला नाही. लोक म्हणाले, तात्यांचं नशीब. दत्ताला मुदतवाढ मिळाली, पुण्यात तो चांगला खेळला आणि पुढे कायमही झाला. तात्यांना टूल रूमच्या खिडकीवर बसवलं. तिथे ते ड्रिल बोटांनी चाचपून नेमक्या मापाचं काढून देत. शिट्टी त्यांनी पुन्हा वाजवली नाही. मी त्यांच्या टेबलावर बसायला लागलो. पहिल्या दिवशी खिडकीतून त्यांनी आवाज दिला, "खुर्ची जरा उंच करून घे, मान आखडंल."

दिवाळीनंतर कांबळ्यांनीच त्यांना हाताला धरून बारामतीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आधी एक डोळा, मग दुसरा. दोन्ही चांगले झाले. साहेबांनी जुन्या जागेबद्दल विचारलंही. तात्या नको म्हणाले, राजीनामा दिला आणि निरवांगीला शेतीवर गेले.

पुढच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. रानात ज्वारी पोटरीला आली होती. जाड भिंगांच्या चष्म्यातून तात्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "आरं, तू सावळा हायस व्हय? मला दोन वर्सं गोराच वाटलास." काकूंनी "हुरड्याला आजून महिना हाय" म्हणत पिठलं-भाकरी वाढली. सोप्यात थोरल्या मुलीच्या लग्नाचा फोटो होता. नवरीशेजारी तात्या, फेटा बांधून, कॅमेऱ्याच्या भलत्याच बाजूला बघत.

परत निघालो तेव्हा ते फाट्यापर्यंत आले. एसटीला वेळ होता. माझ्याने राहवलं नाही. "तात्या, मला माहीत होतं. मी सगळे ट्रे परत मोजायचो. साहेबांसमोर मी बोलायला पाहिजे होतं."

"मला ठाऊक हुतं, तू मोजतोस ते," तात्या म्हणाले. "म्हणून तर मी निवांत जेवायला जायचो."

ते रस्त्याकडे बघत होते.

"तू पयल्यांदा माप वाचलंस तवाच बोलला असतास तर माझी खुर्ची तवाच गेली असती. ते बरोबर झालं असतं. पर थोरलीचं लगीन त्याच दिसांत झालं, इन्स्पेक्टरची लेक म्हणून." त्यांनी पायानं एक खडा रस्त्याकडेला सारला. "आता तू चुकलास का न्हाय, ते मी कसं सांगू? मी त्यातलाच हाय."

लांबवर, वळणापाशी एसटी आल्यासारखी वाटली. मला नुसता लाल ठिपका दिसत होता. तात्यांनी चष्मा वर सरकवला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बारामती. तुझीच हाय. हात कर."

मी चढलो, मागच्या सीटवर बसलो. गाडी निघाली. तात्या फाट्यावर तसेच उभे होते. वळण येईपर्यंत मी काचेतून हात हलवत राहिलो. एवढ्या लांबूनही आता मी त्यांना दिसत होतो.