अक्षरापुरत्या बाई

"मागच्या बाकाला दिसतंय का?"

फळ्यावर पहिली ओळ लिहून झाली की बाई मान न वळवता विचारायच्या. मागच्या बाकाच्या जागी कॅमेरा होता. आमचा कॅमेरामनही इमानदारीत ओरडायचा, "दिसतंय, बाई!"

नववीच्या वर्गावरचं आमचं नाटक बरं चाललं, म्हणून त्याचा सिनेमा करायचं ठरलं. शूटिंग मालाडच्या एका बंद पडलेल्या शाळेत. नाटकात फळा रंगवलेला होता. इथे खरं अक्षर हवं होतं. त्यासाठी बोरिवलीच्या या निवृत्त बाईंना बोलावलं, फक्त अक्षरापुरतं. तुम्हीही अशा बाई पाहिल्या असतील. त्यांना 'फक्त' म्हणून भागत नाही. तिसऱ्या दिवसापासून वर्गातली मुलं त्यांना विचारल्याशिवाय पाणी प्यायला उठेनात. दिग्दर्शक खिशात हात घालून उभा राहिला की त्या म्हणायच्या, "हात बाहेर." तो काढायचा.

गोष्ट एका मुलीची. कॉपी केली नसताना शिक्षिका तिला वर्गाबाहेर काढते. शेवटी चूक कळल्यावर तिला स्टाफरूममध्ये बोलावून माफी मागते. नाटकात या प्रसंगाला हमखास टाळ्या पडायच्या.

बाईंनी तालीम पाहिली.

"चूक वर्गात केली ना? मग माफी स्टाफरूममध्ये कशी?"

"बाई, नाटकात हे मस्त चाललंय," दिग्दर्शक म्हणाला.

"चाललं असेल रे. मी पण चालवलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांनीही एका मुलीवर वर्गासमोर कॉपीचा आळ घेतला होता. खरं कळलं तोवर तिने शाळा सोडली होती. बाई दहिसरला तिच्या घरी गेल्या. आईने चहा दिला. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

"चहा संपवून आले," बाई म्हणाल्या. "आणखी काय करणार?"

दिग्दर्शकाने थोडा वाद घातला आणि प्रसंग वर्गात घेतला. शिक्षिका झालेली नटी सगळ्यांसमोर "माझं चुकलं" म्हणाली आणि पुढचं वाक्यच विसरली. मग त्या मुलीचं काम करणारी पोरगी आपल्याच मनाने म्हणाली, "ठीक आहे ना बाई. बसा आता."

अख्खा वर्ग हसला. तोच टेक सिनेमात राहिला.

दारातून बघणाऱ्या बाई बाहेरच्या पायरीवर खरंच बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन टेकलो. त्या पदराने चष्मा पुसत होत्या.

"त्या पोरीला सांग," त्या म्हणाल्या, "शूटिंग चालू असताना मध्ये बोलायचं नसतं."

आणि पुन्हा चष्मा पुसायला लागल्या.