धरलेला दम
ओल्या जाळ्याचा वास आला की मला काही वर्षांपूर्वीची आमच्या ओसरीवरची एक सकाळ आठवते. बाबांचं बीपी उतरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी गोळ्यांसोबत घरीच योगा करायला सांगितलं होतं. फक्त श्वास रोखायचा नाही, हे दोनदा बजावलं होतं. आठ दिवस मी वाळत घातलेल्या जाळ्याशेजारी चटई टाकून त्यांना शिकवत होतो, आणि आठही दिवस ते छाती फुगवून श्वास धरून बसत. त्या दिवशी त्यांच्या कपाळावरची शीर टरारून फुगली आणि माझा तोल गेला. "बाबा, सोडा ना श्वास! किती वेळा सांगू?" त्यांनी सावकाश श्वास सोडला. "तलावाच्या बुडाशी जाळं अडकलं का मी याच्या दुप्पट दम धरत होतो," ते म्हणाले. "त्याच दमावर तुले शिकवलं. आता तू मले श्वास घेणं शिकवून राहिला?" मी चटई गुंडाळून कोपऱ्यात फेकली आणि कामावर निघून गेलो. त्यानंतर ते कधी चटईवर बसले नाहीत, मीही आग्रह केला नाही. अजूनही त्यांच्या दंडावर बीपीचा पट्टा बांधला की ते मला विचारतात, "आता श्वास घेऊ का, मास्तर?" आणि मी दात आवळून आकडा येण्याची वाट पाहतो.