डीपुरतं इंग्रजी

माझे सासरे मूळचे सारसोळ्याचे. पावण्याच्या एका वर्कशॉपमध्ये आयुष्यभर लेथ चालवून निवृत्त झाले आणि सानपाड्याला आमच्या फ्लॅटवर राहायला आले. चार दिवसांत त्यांना रिकामपण खायला उठलं. एका दुपारी रद्दीवाल्याकडून ते इंग्रजी-मराठी शब्दकोशाचा जाडजूड खंड घेऊन आले. त्यात फक्त डीचे शब्द होते.

"बाबा, बाकीची अक्षरं?" मी विचारलं.

"आधी येवढं होऊ दे."

सहा महिने त्यांनी डी पाठ केला. डोसाईल म्हणजे गरीब गाय, असं मला सांगून ते सासूबाईंकडे बघत म्हणाले, "ही डोसाईल नाय." पार्सलवाल्याला दारात थांबवून त्यांनी समजावलं की डिलिव्हर म्हणजे पोचवणं, तसंच संकटातून सोडवणंही. तो बिचारा ओटीपी मागत राहिला.

त्याच सुमारास वरच्या फ्लॅटमधून आमच्या बाथरूममध्ये पाणी गळायला लागलं. वरचे गृहस्थ बँकेतून रिटायर झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. माझ्या नवऱ्याने तीनदा सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "लेखी द्या."

सासऱ्यांनी लेखी दिलं. एका ओळीत एक शब्द. डॅम्प. ड्रिप. डेली. डॅमेज. डोलफुल. डिमांड. खाली मराठीत सही. मला कळलं तेव्हा कागद वर पोचला होता. लाजेने मी दोन दिवस लिफ्ट टाळून जिन्याने गेले.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी कागद हातात घेऊन खाली आले. मला वाटलं, आता भांडण. ते शांतपणे खुर्चीत बसले.

"मी जन्मभर तक्रारअर्ज वाचले. इतका स्पष्ट कुणी लिहिला नव्हता. फक्त हे डोलफुल कशाला?"

"डोलफुल म्हंजे उदास," सासरे म्हणाले. "सून आंघोळ करून येते तवा तशी दिसते."

सेक्रेटरींनी माझ्याकडे नीट बघून खात्री करून घेतली. मीही नकळत तोंड पाडलं. चौथ्या दिवशी प्लंबर आला.

तेव्हापासून सोसायटीच्या नोटिसा सासरे लिहितात. परवा गटाराचं काम रखडलं, तेव्हा फळ्यावर लागलं होतं: ड्रेनेज. डिले. डोन्ट डिस्पेअर. एकाही घरातून अर्थ विचारायला फोन आला नाही.