फाइली आल्या, मराठी राह्यली

जय भीम मंडळी. आज दुपारी एक चूक करून बसलो, अन् तवापासून जीव थाऱ्यावर नाही.

मी आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याकडं मराठी शाळेत शिकवतो. आपल्या इकडच्या बाजारात मराठीतले सराव पेपर भेटत नाहीत, म्हणून बारा वर्षांपासून घरच्या कंप्युटरवर मीच टाईप करून राह्यलो. तो सुरू होईपर्यंत माहा चहा पिऊन व्हाये. नवा घ्यायची ऐपत नाही, म्हणून आज आदिलाबादले नेऊन त्यात नवी डिस्क बसवली.

दुकानदार म्हणे, "पुरानी डिस्क छोड़ दो सर, थोड़ा कम कर दूँगा. फाइलें ले ली ना?"

पेनड्राईव्ह खिशात होता. मी हो म्हणलं.

घरी कंप्युटर लावला तं पटकन सुरू झाला. बायको म्हणे, "बरं झालं, आता चिडचिड तरी कमी कराल."

मंग पेपर उघडला. पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, काही अर्थ नाही त्याले. जुना मराठी फॉन्ट त्या डिस्कमध्येच राह्यला, अन् त्याच्याशिवाय हे पेपर कोणालेच वाचता येत नाहीत. नेटवर शोधला, भेटला नाही.

दुकानदाराले फोन केला. "फॉर्मेट कर दिया शायद. कल देखता हूँ सर."

उद्यापासून सराव घेतो म्हणून पोरांले सांगून बसलो. फाइल एकही गेली नाही, तरी हातात काहीच नाही.

कोणाकडं मराठी टायपिंगचा जुना कंप्युटर अजून चालू असन तं आजच सांगा. अन् मी येतपर्यंत त्याले नवा करू नका.