मागच्या बाकावरून काय दिसतं

बेळ्ळंदूरच्या ऑफिसात मी इतरांसाठी स्लाइड्स बनवते. साहेबांना एकेका स्लाइडवर अख्खं पुराण हवं असतं, आणि मी ते बारीक अक्षरांत बसवून देते. बाबांना माझं हे काम कधीच पटलं नाही. ते इथल्याच एका संशोधन संस्थेत विमानांच्या पंखांवर काम करायचे. त्या काळी भाषणासाठी पारदर्शक प्लास्टिकवर पेनाने लिहायचे आणि ते दिव्याने भिंतीवर पाडायचे. बाबा आधी सभागृहाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसत, आणि तिथून जे वाचता येत नसे ते परत येऊन ओल्या रुमालाने पुसून टाकत. माझे शाळेचे तक्तेही ते पॅसेजच्या टोकाला उभे राहून तपासायचे. मला भयंकर राग यायचा.

मध्यंतरी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. नजरेचा मधला भाग गेला, कडा तेवढ्या शाबूत राहिल्या. सरळ पाहिलं तर माणसाच्या चेहऱ्याच्या जागी नुसता डाग दिसतो, म्हणून ते त्याच्या जरा बाजूला पाहतात. माझ्याशी बोलताना ते कपाटाकडे बघत असतात. याची सवय होईपर्यंत मी बरीच रडले.

अशात चामराजपेटच्या एका कानडी शाळेने त्यांना आठवीच्या मुलांशी बोलायला बोलावलं. विषय अर्थात विमानाचा पंख. बाबा लगेच हो म्हणाले, पण मला बजावलं, "डोळ्यांचं तिथे अवाक्षर काढायचं नाही. पोरं माझी कीव करत बसतील आणि पंख राहील बाजूला."

मी कामाला लागले. शब्द काढले, आकडे काढले, एका स्लाइडवर एकच ठळक चित्र ठेवलं. प्रत्येक चित्रामागे वेगळा भडक रंग दिला. निळा म्हणजे अख्खं विमान, पिवळा म्हणजे पंख, लाल म्हणजे वाकलेला पंख. चित्र दिसलं नाही तरी रंग त्यांना डोळ्यांच्या कडेने कळणार होता. घरी तालीम झकास झाली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कामाला नावं ठेवली नाहीत.

शाळेत गेलो तर वर्गाच्या खिडक्यांना पडदेच नव्हते. ऊन थेट समोरच्या भिंतीवर. चित्रांच्या काळ्या रेघा तेवढ्या दिसत होत्या, पण रंग पार धुऊन निघाले होते. निळा कुठला नि पिवळा कुठला, मलाही सांगता येईना. मी धावत जाऊन ओढणी खिडकीवर ताणून धरली. तेवढ्याने काय होणार! बाबा हातात रिमोट धरून उभे होते. सगळं सांगून टाकावं असं वाटलं, पण शब्द दिला होता.

मग बाबांनी मान वर केली आणि आपल्या मराठी हेलाच्या कानडीत विचारलं, "हिंदे कूतिरोरु हेळी, एनु काणिस्ता इदे?" मागे बसलेल्यांनी सांगायचं, काय दिसतंय.

वर्ग जरा चुळबुळला. मग शेवटच्या बाकावरून उत्तर आलं, "विमान, सर."

"सरी," बरोबर, असं बाबा म्हणाले आणि विमानावर बोलायला लागले. पुढची स्लाइड, पुन्हा तोच प्रश्न. मुलांना तो खेळच वाटला. रेक्के, म्हणजे पंख, असं कुणी ओरडलं. तो वर वाकलाय, असं दुसऱ्याने सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मुरियल्वा, सर?" तो मोडत नाही का?

बाबांचा चेहरा उजळला. सगळी नोकरी त्यांनी याच प्रश्नावर काढली होती. त्यानंतर त्यांना स्लाइड्सची गरजच उरली नाही. माझे हात भरून आले होते, तरी मी ओढणी सोडली नाही.

शेवटी टाळ्या झाल्या. मागच्या मुलांना बोलतं करायची युक्ती छान आहे, असं वर्गाच्या बाई म्हणाल्या. बाबांनी खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहिलं आणि मनापासून हसले. तिकडे काय आहे ते बघायला सगळ्या वर्गाने माना वळवल्या. झाडाच्या बाजूला, ओढणी धरून, मी उभी होते.