हिरवं फार लवकर झालं

उज्वलाचा स्वभावच संशयी. दूधवाला वेळेवर आला तरी ती विचारणार, "आज काय मिसळलंय?" देवळ्याच्या कांदेवाल्यांची पोर ती. ट्रॉलीतला ढीग फोडून तळाचा कांदा हाती आल्याशिवाय तिच्या घरात कुणी मान डोलावत नसे. नाशकात सॉफ्टवेअर कंपनीत लागली तरी ती खोड गेली नाही. इतरांनी लिहिलेला प्रोग्राम तपासायचा, त्याचं पॅकेज बांधायचं अन् बाहेर धाडायचं, हे तिचं काम.

त्या दुपारी कांदाचाळीचे पंखे चालवणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती जायची होती. चाळीत उष्मा वाढला की पंखे आपोआप सुरू. तिच्या आप्पांच्या चाळीतही हाच प्रोग्राम, आणि चाळ गच्च भरलेली. पंखे थांबले तर माल सडायला किती वेळ लागतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिनं चाचण्या सुरू केल्या. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत पडदा हिरवा. एरवी अख्खा कप संपायचा.

"योगेश, एवढ्या लवकर?"

प्रोग्राम लिहिणारा योगेश हसला. "नवं मशीन हाय ताई. पास झालं तरी तुमचं तोंड एरंडेल प्यायल्यावानी!"

"चाचण्या काढून टाकल्यास ना?"

"घ्या! या इकडं, तुमच्यासमोर चालवतो." त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर चालवल्या. रमतगमत चालल्या, अन् पास.

तिचा संशय आणखी बळावला. इथं रमतगमत, मग तिथं पळत का?

तिच्या चाचण्या चालल्या होत्या त्या नव्या मशीनवरच्या पॅकेज बांधायच्या जागेत तिनं डोकावून पाहिलं. ती जागा म्हणजे जणू रिकामी खोली. मागाल तेवढंच सामान आत येतं. चाचण्या चालवणारं हत्यार योगेशच्या लॅपटॉपवर कधीचं पडलेलं, म्हणून खोलीसाठी ते मागायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हत्यार नाही म्हणून चाचण्या एकामागून एक, न चालताच, गुपचूप परत गेल्या होत्या. नापास कुणीच नाही, म्हणून हिरवं!

उज्वलानं हत्यार मागवलं, पण फक्त तपासणीपुरतं. चाळीत पंखे चालवणाऱ्या एवढ्याशा डबीवर ते ओझं कशाला? पुन्हा चालवलं. कप रिकामा झाला, अन् एक ओळ लाल झाली. उष्मा मोजणारा सेन्सर सुटून पडला, तर नवा प्रोग्राम शून्य अंश धरून पंखे बंद करत होता.

"पण माझ्याकडं तर..." योगेशची नजर लॅपटॉपला लावलेल्या सेन्सरवर गेली. त्यानं तो काढून टेबलावर ठेवला.

"तुझ्यावर उगाच संशय घेतला," ती म्हणाली. "पण पॅकेज आज जायचं नाय."

मग तिनं आप्पांना फोन लावला. "आप्पा, नवं आज येत नाय. जुनंच चालू द्या. पंखे फिरताहेत ना?"

"बठं बरं शे गं, सगळं ठीक. इथवर आवाज येतोय."

"आवाजाचं नका सांगू. चाळीत जा अन् बघून या."

आप्पा पुटपुटले. मग चपला ओढल्याचा आवाज आला. उज्वला फोन कानाला तसाच धरून उभी राहिली.