ओ-एन-ई

नवऱ्याच्या ज्या पत्राबद्दल मी सांगणार आहे त्यात हाड होतं, दगड होता आणि ‘गेलेला’ असा एक शब्द होता. प्रेमाचा शब्द औषधालासुद्धा नव्हता.

ते पुण्याला एका शाळेत इंग्रजी शिकवत आणि मी सोलापुरात सासरी. पत्र सासऱ्यांच्या नावानं यायचं, आणि सासरे पडवीत बसून ते सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचायचे. मग बायकोला वेगळं काय लिहिणार? म्हणून पत्रात माझ्यासाठी एक चिठोरं असायचं. त्यावर सारखी अक्षरं असलेले दहा-बारा इंग्रजी शब्द आणि पुढे त्यांचे मराठी अर्थ. वर्गातल्या मुलांना घालतात तोच पाठ मला घालतात असं वाटून मी मनातून चिडायची. पण शेवटची ओळ नेहमी तीच असे: ‘दिवाळीला म्हणून दाखव. पाठ झाले असतील तर इकडे घेऊन येईन.’ त्या एका ओळीवर मी पंधरा दिवस काढत असे.

त्या खेपेचे सगळे शब्द ओ-एन-ईचे होते. सासऱ्यांनी नुसते अर्थ वाचून दाखवले. सासूबाई म्हणाल्या, “हाडं काय, दगड काय. बायकोला लिहितोय की सुतक कळवतोय?”

नवऱ्यानं उच्चार लिहिले नव्हते. रोज शिकवणाऱ्याला वाटतं, एवढं कुणालाही येत असेल. मला आदल्या दिवाळीत त्यांनी अक्षरं आणि आकडे शिकवले होते, त्यामुळे ओ-एन-ई म्हणजे वन हे मला पक्कं ठाऊक होतं. मग बी लावला की बवन, हाड. एसटी लावले की स्टवन, दगड. गवन, गेलेला. डवन, केलेलं. नवन, कोणी नाही. चुकतंय असं सांगणारं कोणी नव्हतं. सासरे कचेरीत मोडी लिहीत, आणि त्यांच्यासमोर तोंड उघडायची रीत नव्हती. भिंतीपलीकडे माग दिवसभर खटखटायचे, तिथल्या बायका तेलुगूत बोलायच्या. त्यांचं हसणं तेवढं मला कळायचं. माहेर अकलूजला, म्हणजे वर्षातून एकदा. कधीकधी दिवसभरात मी ‘हो’शिवाय दुसरा शब्द बोललेली नसे. तेव्हा ते बवन-स्टवन मोठ्यानं म्हणताना आपलाच आवाज ऐकून बरं वाटायचं.

ऐकायला होत्या फक्त आत्याबाई, सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. बाराव्या वर्षी विधवा झालेल्या. डोक्यावरून विधवेचं लाल लुगडं, ज्याला आलवण म्हणत, ते घेऊन त्या कोपऱ्यात शेंगा फोडत बसायच्या. त्यांना कोणी काही विचारत नसे, आणि खरं सांगायचं तर मीही विचारत नव्हते.

चिठोऱ्यातला शेवटचा शब्द होता ए-एल-ओ-एन-ई. अर्थ, एकटा. हा शब्द त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला असणार, त्यांनाही तिकडे करमत नसणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि तोच जास्त घोकला. दिवेलागणीला पाटावर बसून माझा सूर लागला होता, “आलवन, एकटा. आलवन, एकटा.”

सासूबाई देवघरातून तशाच बाहेर आल्या. “अगं, कुंकवाची बाई ना तू? तिन्हीसांजेला आलवण आलवण काय करतेस? नवरा तिकडे परगावी आहे की.” मी इंग्रजी आहे, इंग्रजी आहे म्हणेपर्यंत चिठोरं चुलीत गेलं होतं. दिवाळीला दीड महिना होता आणि माझे निम्मेसुद्धा शब्द पाठ झाले नव्हते. त्या रात्री मी जेवले नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई निजल्यावर आत्याबाईंनी मला खूण करून जवळ बोलावलं. शेंगा फोडता फोडता हळूच म्हणाल्या, “बवन, हाड. स्टवन, दगड. गवन, गेलेला.” एकही शब्द न गाळता त्या शेवटापर्यंत आल्या.

“आलवन म्हणजे एकटा, असंच ना गं?”

“हो.”

“गोऱ्या साहेबाला कसं कळलं?” त्या म्हणाल्या, आणि पुढची शेंग फोडली.

मग रोज दुपारी त्या म्हणायच्या आणि मी मागून म्हणायची. माझं पाठांतर झालं ते असं. त्या दीड महिन्यात मला सोलापूर पहिल्यांदा आवडलं.

दिवाळीला ते आले. माडीवर मी हात मागे बांधून सगळे शब्द म्हणून दाखवले. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून एकेक सांगितलं: बोन, स्टोन, गॉन, डन, नन, अलोन. तीच अक्षरं आणि आवाज मात्र निरनिराळे. मला ती लबाडीच वाटली. माझं पुणं गेलं म्हणून मी रडायच्या बेताला आले, तर ते म्हणाले, “इथं राहिलीस तर असंच शिकशील. चल तू.” तो शब्द शेवटी का ठेवला होता, असं मी धीर करून विचारलं. म्हणाले, “पुस्तकात शेवटी होता.”

निघायच्या सकाळी मी आत्याबाईंच्या पाया पडले. नव्या विद्येची घमेंड अंगात होती. म्हटलं, “आत्याबाई, आपलं सगळं चुकलं होतं. ते आलवन नाही, अलोन.”

त्यांनी तो शब्द एकदा तोंडात घोळवून पाहिला. मग डोक्यावरचा लाल पदर पुढे ओढत म्हणाल्या, “तुझं ते अलोन असेल. माझं आलवनच बरोबर आहे.”

मी हसले. टांगा दाराशी उभा होता आणि मला घाई होती. आता दुपारी त्या शब्द कुणाबरोबर म्हणणार, हे टांगा स्टेशनाला पोहोचला तरी माझ्या मनात आलं नाही.